बगळ्याचा पूर्ण गोल

आलेख काढणं हे माणसांचं काम ठरलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका तळ्यात पाण्याचा हिशेब बगळा ठेवायचा. दर अमावास्येला तो चोचीने चिखलात भाकरीएवढा गोल काढी आणि त्यात मासे, बेडूक, कासवं यांच्या पाण्याचे वाटे पाडी.

"बघा, गोल पूर्ण आहे. कुणाचा वाटा कमी झालाय का?" तो विचारायचा.

कुणाचाच झालेला नसायचा. मासे खूश होऊन तळाशी जायचे. तळ हल्ली लवकर लागायचा. उथळ पाण्यात बगळ्याचं पोट बरं भरायचं, पण ते काही गोलात दिसत नव्हतं.

काठावरच्या खेकडीला हे पटेना. तिला बीळ पाण्याच्या कडेलाच हवं असे, म्हणून पाणी हटलं की ती जुन्या बिळाशेजारी, जरा खाली, नवं बीळ खणायची.

"अहो, गोल राहू द्या. माझी बिळं ओळीने बघा," ती म्हणाली.

"ओळ तिरकी आहे," बगळा म्हणाला. "तिरकं चालणाऱ्यांचं असंच व्हायचं."

मासे हसले. म्हातारी मरळ मात्र हसली नाही. "का गं, त्या सगळ्यात वरच्या बिळात तू कधी राहायचीस?"

"दिवाळीत."

मरळीने ती ओळ वरपासून खालपर्यंत पाहिली आणि पुढे कुठे जाणार तेही पाहिलं. तळ्यातून खाली वाहणाऱ्या ओढ्याला अजून जेमतेम धार होती. त्याच संध्याकाळी सगळे खालच्या डोहाकडे निघाले. खेकडी सर्वांच्या पुढे, तिरकी तिरकी.

पुढच्या अमावास्येला बगळ्याने नेहमीसारखा गोल काढला. गोल पूर्ण होता. वाटे तेवढे पाडावे लागले नाहीत.