मोराचा डोळा कोणी खाल्ला?

दसऱ्याच्या दरबारात लाल गालिचा उलगडला आणि त्यातून भुर्रकन बारीक पाखरं उडाली! दिवाणजींच्या मिशीत दोन शिरली, एक थेट राजेसाहेबांच्या नाकावर बसलं. खाली बघतात तर काय, गालिच्याला सात भोकं! विणलेल्या मोराचा तर डोळाच गायब!

"कसर लागली वाटतं," कोणीतरी पुटपुटलं.

झालं! पिंपळदरीचे राजे जसवंतराव लालबुंद झाले. हा गालिचा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. थोरल्या महाराजांनी चार वर्षं कारागीर बसवून तो विणून घेतला होता. उन्हानं रंग उडेल म्हणून कोठीच्या खिडक्या बंद. झिजेल म्हणून कोणी पाय ठेवायचा नाही, झाडू लावायचा नाही. वर्षातून एकदा दसऱ्याला काढायचा, दुरून बघायचा, परत गुंडाळायचा. दाराशी पहारेकरी, कुलपाची किल्ली राजेसाहेबांच्या कमरेला आणि कुलपावर लाखेची मोहोर त्यांच्याच हातची!

"मानाजी!" राजे गरजले. "गालिचा तुझ्या ताब्यात. आठ दिवसांत तो खाणारा चोर दरबारात हजर कर. आणि त्याला घरात घेणाराही शोधून काढ. नाहीतर बिऱ्हाड उचल आणि नदीपलीकडे चालता हो!"

मानाजी हा दरबारचा म्हातारा फरास. बिछायती, पडदे, तंबू सांभाळण्यात त्याची हयात गेली होती. आता किड्याला बेड्या घालायच्या कशा आणि त्याचा साथीदार आणायचा कुठून? आणि राजे एकदा बोलले की ब्रह्मदेव आला तरी शब्द फिरवणार नाहीत! बिचारा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला.

त्याची सून हौसा भाकरी थापत होती. सांगराची लेक ती, घोंगड्या विणणाऱ्यांच्या घरात वाढलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खुदकन हसली.

"अगं, इथं माझ्या जिवाला घोर लागलाय आणि तुला हसू सुचतंय?"

"मामंजी, आधी चार घास खाऊन घ्या. चोरही सापडेल आणि त्याला घरात घेणाराही. मात्र दरबारात मी बोलणार, तुम्ही नुसतं उभं राहायचं!"

आठव्या दिवशी दरबार खचाखच भरला. गंमत बघायला कोणाला नको असते? हौसा पदर खोचून पुढं आली. तिनं कुंकवाची रिकामी डबी उघडून राजेसाहेबांपुढं धरली. आत गालिच्यातून टिपलेली तांदळाएवढी पांढरट अळी वळवळत होती.

"मुजरा सरकार! हा घ्या चोर."

दरबार खो खो हसला. राजे मात्र हसले नाहीत. "आणि याला घरात घेणारा?"

"त्याची कबुली मी घेतलीय, सरकार."

"किडा बोलला तुझ्याशी?"

"लोकरीत जन्म गेलाय माझा. मला कळतं त्याचं! तो म्हणाला, बाई, मी आधी तुमच्याच गल्लीत आलो होतो. पण तिथं जगायची सोय नाही! सकाळ झाली की घोंगडी झटकतात, उन्हात टाकतात, काठीनं बडवतात. पाहुणा आला की त्याला घोंगडीवरच बसवतात. पोरं वर नाचतात ती वेगळीच! उपाशी मरायची पाळी आली. तेवढ्यात एक मोठा दिलदार यजमान भेटला."

"दिलदार?"

"तर काय! त्यानं अंधारी खोली दिली. मऊ लोकर खायला दिली. झोपमोड होऊ नये म्हणून दाराला कुलूप लावलं, बाहेर पहारेकरी उभा केला. वर्षभर कोणी हात म्हणून लावला नाही!"

राजेसाहेबांनी मांडीवर मूठ आपटली. "कोण तो हरामखोर? भर दुपारी, साऱ्या गावासमोर त्याच्या हातात काठी देतो! शेवटचा किडा पडेपर्यंत हा गालिचा त्यानंच बडवायचा!"

"शब्द, सरकार?"

"आम्ही एकदा बोललो की बोललो!"

हौसानं हात जोडले. "नाव त्याला ठाऊक नाही, सरकार. पण म्हणाला, त्या कुलपाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे ते बघा!"

दिवाणजी छताची नक्षी बघू लागले. राजेसाहेबांचा हात आपसूक कमरेकडं गेला, तिथंच थांबला.

"पोरी, तुला भीती नाही वाटली?"

"वाटते ना, सरकार! पण कोठी बंद ठेवणार दुसरा आणि या वयात नदीपलीकडं जाणार माझे मामंजी, हे मला बघवेना."

राजेसाहेबांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. मग हट्टानं म्हणाले, "पण उन्हात रंग उडेल त्याचं काय?"

"पालथा घाला. पाठीला ऊन लागू दे, मोर राहील सावलीत!"

"आणि पायांनी झिजेल त्याचं?"

"पायांनी झिजायला पन्नास वर्षं लागतील, सरकार. किड्यानं तर एका वर्षात मोराला आंधळा केला!"

राजे उठले. शेला कमरेला आवळला, चौकात आले आणि काठी उचलली. धप्! धप्! धुळीचे लोट उठले, अळ्या पटापट गळल्या, राजेसाहेबांना सात शिंका आल्या. गाव छपरावर चढून बघत होतं! घामाघूम होऊन त्यांनी काठी टेकवली.

"हुश्श! आता सांग, पुन्हा कसर लागू नये म्हणून पहारेकरी किती ठेवू?"

"एकही नको, सरकार! पाहुणे ठेवा. रोज येतील, बसतील, उठतील. किडा पळून जाईल!"

राजे पोट धरधरून हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले! मानाजीला तिथंच भरजरी पागोटं बांधलं. हौसाला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि फरासखान्याचा कारभार तिच्या हाती सोपवला. मग राजेसाहेबांनी स्वतःच्या हातांनी गालिचा दरबारात अंथरला आणि म्हणाले, "ये पोरी, पहिली पाहुणी तू! बस, अगदी मोरावर बस!"