गप्प बसलेल्यांचा ठराव

आमच्या गावचे सरपंच दाजीसाहेब इंगवले ग्रामसभेत एकच चाल खेळायचे. ठराव घाईघाईनं वाचायचे आणि गरजायचे, “विरोध असेल त्यानं हात वर करा!” त्यांच्यासमोर हात वर करायची कुणाची छाती? मग म्हणायचे, “गप्प बसला तो राजी. मंजूर!”

त्या दिवशी खालच्या आळीची बोअर स्वतःच्या द्राक्षबागेला जोडायचा ठराव त्यांनी असाच उरकला. आम्ही बाया नुसत्या चुळबुळत राहिलो. उन्हाळा तोंडावर, आळीत दुसरं पाणी नाही, तरी हात एकीचाही वर गेला नाही.

तेवढ्यात आमच्यातली फुलाक्का उठली. “ग्रामसेवकसाहेब, माझाबी ठराव लिहा. दाजीसाहेबांच्या बागेतली विहीर आजपासून गावाची. विरोध असेल त्यानं हात वर करा!”

एकट्या दाजीसाहेबांचा हात वर गेला.

“एक सोडून सगळे राजी. मंजूर!”

“अगं ए बये, लोक बावचळून गप्प बसलेत! त्याला काय होकार म्हणत्यात?”

“नाही ना म्हणत? मग तुमचा मघाचा ठराव कुणाच्या होकारावर झाला? गप्प बसणं होकार असेल, तर विहीर गावाची. नसेल, तर बोअर आमची. कुठलं लिहायचं तेवढं सांगा.”

दाजीसाहेबांनी मुकाट्यानं आपला ठराव मागं घेतला.

बोअर राहिली, पण मला काही चैन नाही. दर खेपेला एकटी फुलाक्का किती उठेल? बायांनो, पुढच्या सभेला तोंडं घरी ठेवून येऊ नका.