उष्ट्या शुभेच्छांचा कंदील

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि माणसांना घाईही नव्हती. एका रुंद नदीकाठी एक गाव होतं. गावातल्या बहुतेक लेकी पैलतीरावर दिलेल्या, आणि धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला त्या नावांतून माहेरी येत. पात्रात खडक फार, त्यात कार्तिकाच्या तोंडावर धुकं. म्हणून गावच्या घाटावर उंच काठीला एक मोठा पांढरा कंदील टांगत. नावाडी त्याच्या रोखाने वल्ही मारत. कंदील दिसला नाही, तर त्या वर्षी नाव सुटत नसे.

हा कंदील करणारा एक म्हातारा कारागीर होता. हात सोन्याचे, पण डोकं तापट. रीत म्हणजे रीत, तिला फाटे फोडायचे नाहीत, असा त्याचा खाक्या.

गावाची आणखी एक रीत होती. दिवाळीला लोक एकमेकांना रंगीत शुभेच्छापत्रं देत. कडेने वेलबुट्टी, मध्ये चार गोड शब्द. भाऊबीज उलटली, की ती सगळी पत्रं नदीत सोडून देत. वाचलेली शुभेच्छा उष्टी, ती घरात ठेवू नये, असं सगळे मानत. का मानत, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, ज्या गोष्टीचं कारण कुणाला ठाऊक नसतं, तीच माणसं फार काटेकोरपणे पाळतात.

एका वर्षी कागद करणाऱ्यांच्या गावात पूर आला. लगदा वाहून गेला, साचे वाहून गेले. दिवाळी दोन दिवसांवर आली तरी कारागिराच्या हाती कोऱ्या कागदाचा कपटाही नव्हता. आणि त्या वर्षी त्याच्या एकुलत्या एका लेकीचा दिवाळसण होता. लग्नानंतर ती प्रथमच माहेरी यायची होती. नुसत्या कामट्यांच्या सांगाड्याकडे बघत म्हातारा ओसरीवर बसून राहिला. त्याला रडू येत होतं, म्हणून तो सगळ्यांवर खेकसत होता.

तेव्हा त्याची बायको आतून एक पेटारा ओढत घेऊन आली. झाकण उघडलं, तर आत तीस वर्षांची शुभेच्छापत्रं!

"अगं, माझ्या घरात तू उष्टं साठवलंस?" म्हातारा कडाडला.

"जिवावर यायचं हो, पाण्यात सोडायला," ती म्हणाली. "हे बघा. तुमच्या थोरल्या बहिणीनं लिहिलंय, सुखानं संसार करा. करतोय ना अजून? मग ही शुभेच्छा संपली कुठे?"

म्हाताऱ्याने चिडून दुसरं पत्र उचललं. "आणि हे? 'तुमची म्हैस भरपूर दूध देवो!' म्हैस जाऊन किती वर्षं झाली?"

"मग ते खाली झिरमिळ्यांना लावा," बायको शांतपणे म्हणाली.

म्हाताऱ्याला हसू आलं. हसला तो विरघळला. दोघांनी बसून पत्रं निवडली. पातळ होती त्यांना तेल चोळलं, म्हणजे उजेड आरपार जाईल. जाड होती त्यांच्या पाकळ्या कातरल्या. खळ शिजवली, आणि सांगाड्यावर एकेक शुभेच्छा चिकटत गेली.

धनत्रयोदशीला घाटावर गाव जमलं. कंदील पाहून पाटील लाल झाले. "उष्ट्या कागदाचा कंदील? अहो, नाव बुडायची!"

"पाटील, त्या नावेत माझी लेक आहे," म्हातारा म्हणाला. "भीती मला नसेल का? पण पोरीला वाट दाखवायला लोकांचे आशीर्वाद चालणार नाहीत, तर काय चालेल?"

त्याने स्वतः दोर ओढून कंदील वर चढवला.

धुकं उतरलं. पैलतीर दिसेनासा झाला. बराच वेळ झाला तरी नावेची चाहूल नाही. "सांगत होतो मी," असं कुणीतरी पुटपुटलं. म्हातारीने डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्याच्या मनात आलं, आपण हट्टाने पोरीचा घात तर केला नाही ना?

इतक्यात पाण्यावर वल्ह्यांचा आवाज आला. धुक्यातून एक नाव निघाली, मागून दुसरी, मागून तिसरी. पहिल्या नावेतून लेक उतरली ती धावत आईच्या गळ्यात पडली.

"उशीर का रे केलात?" पाटलांनी नावाड्याला विचारलं.

"यंदा धुकं असं, की आम्ही नावा बांधून ठेवल्या होत्या," नावाडी म्हणाला. "पांढरा उजेड असल्या धुक्यात विरून जातो. पण लाल-पिवळा-हिरवा उजेड दिसला, आणि म्हटलं, सोडा दोर! एवढा रंगीत कंदील असताना वाट चुकेल कोण?"

पाटील कंदिलाखाली जाऊन उभे राहिले. एका पाकळीवरचं अक्षर त्यांच्या आईचं होतं. आई जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि तिने घरच्यांना लिहिलेली सारी पत्रं पाटलांनी स्वतःच्या हातांनी नदीत सोडली होती. ते घाटाच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

त्या वर्षी भाऊबिजेनंतर नदीवर कुणी गेलं नाही. सगळं गाव आपापली पत्रं घेऊन कारागिराच्या ओसरीवर आलं. पुढच्या दिवाळीला कोरा कागद मुबलक मिळाला, तरी घाटावरचा कंदील रंगीतच राहिला.

बोध: मनापासून दिलेली शुभेच्छा वाचल्याने संपत नाही, जपली आणि कामी लावली, की ती पुन्हा उजेड देते.