साळूबाईंचा जुना निकाल

रानात माणसाची पायवाटही नव्हती तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठची भांडणं मिटवता मिटवता साळूबाई साळिंदर साऱ्या रानाच्या न्यायाधीश झाल्या. ओढ्यातला डोह त्यांनीच पूर्वी पाणमांजरांना दिला होता. त्याविरुद्ध एके दिवशी खेकडीण दाद मागायला आली.

"तेव्हा बोलावूनही तू आली नाहीस. का?" साळूबाईंनी कुतूहलानं विचारलं.

"जुनं कवच टाकलं होतं, बाई. नवं अजून मऊ होतं. बिळाबाहेर पडले असते तर या पाणमांजरांनीच मला खाल्लं असतं."

साळूबाई चपापल्या. तिच्या गैरहजेरीला त्यांनी होकार मानलं होतं.

"पण निकाल तुमचाच आहे," पाणमांजर म्हणालं. "तुम्ही तो कसा मोडणार?"

"चुकला असेल, तर मोडायची जबाबदारीही माझीच," म्हणत त्या खेकडिणीकडे वळल्या. "आता सांग. अगदी पहिल्यापासून सांग."