धाकट्या डोक्याचा उपास

फार पूर्वी, डोंगरात गंडभेरुंड राहत होता तेव्हाची ही गोष्ट. या पक्ष्याला धड एक आणि डोकी दोन. एकदा थोरल्या डोक्याला बाण लागला.

मुलूखभर हिंडणाऱ्या शिदोजीने तो बाण उपसला. त्याच्या मुंगसाने पाला चावून जखमेवर लावला. तरी पक्षी खंगतच चालला, कारण धाकटं डोकं अन्नाला शिवेना.

ते म्हणालं, "दादा उपाशी पडलाय. मी कसा गिळू?"

शिदोजीची कुत्री खेकसली, "अरे शहाण्या, तुम्हा दोघांना पोटं किती?"

"एकच."

"मग त्याला उपाशी कोण मारतंय?"

मग रडत रडतच धाकट्या डोक्याने पुढ्यातली उंबरं गिळली.

तिसऱ्या दिवशी थोरल्याने डोळा उघडला. "किती वेळ लावलास रे जेवायला!"