फाटकापाशी झालेली सुनावणी

यंत्रं बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची, त्या जमान्यात मी बोरजाईची छोटी गाडी होते. माझी शिट्टी जोरदार, पण वेग असा की माणूस वाटेत उतरून, बोरं तोडून पुन्हा त्याच डब्यात चढायचा. डब्यात प्रवासी कमी, कोंबड्या जास्त.

एकदा वरून साहेब आले. मला बंद करावं का, याची सुनावणी शेवटच्या स्टेशनात होती. साहेब माझ्यातच बसले. मी शिट्टी मारून ऐटीत निघाले.

वाटेतलं फाटक माझा जुना दोस्त. "आज तुझा मान राहिला पाहिजे," म्हणत त्यानं मी दिसायच्या कितीतरी आधीच रस्ता अडवला.

मी रांगत तिथं पोचले, तर अख्खं गाव उन्हात तुंबलेलं. पुढे सरपंच सुलभाताई, मागे जीपा आणि मोटरसायकली. सगळ्यांच्या हातात फलक, "आमची गाडी वाचवा". मला वाचवायला उशीर नको, म्हणून माझ्यात कोणी बसलंच नव्हतं!

मी जोर लावला. पण अंगात जोर असता, तर सुनावणी कशाला लागली असती?

"अगं बाई, सरक की!" सुलभाताई कडाडल्या. "तिकडे सुनावणी आटपेल! बंद करा रे ही गाडी एकदाची!"

साहेबांनी खिडकीतून मान डोलावली. "गावाचं म्हणणं कळलं."

त्या दिवशी मी बंद व्हायला शेवटच्या स्टेशनात अगदी वेळेवर पोचले. आयुष्यात पहिल्यांदाच.