‘येतो’ म्हणणारा राजा

पांघरुणं घेतलीत ना? मग ऐका.

डोंगराच्या अलीकडे एक राजा राहायचा, उदेभान नावाचा. त्यानं डोंगरापलीकडची राजकन्या केली, सुरंगी. भाषा दोन्हीकडची एकच, बरं का. तरी पंचाईत झाली.

पलीकडचे लोक असेल ते सरळ बोलायचे. फुटलं तर फुटलं, संपलं तर संपलं. आणि अलीकडे अशुभ शब्द तोंडातून काढायचाच नाही, अशी रीत.

मग सुरंगी सासरी आली. सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, देवापुढे नारळ वाढव.” नारळ फोड म्हणायचं नसतं ना, म्हणून वाढव. सुरंगीनं आणखी एक नारळ आणून ठेवला. “अगं, वाढव ना.” तिनं आणखी आणले. देवघरात नारळांचा ढीग झाला, आणि फुटला एकही नाही.

मग एका सकाळी सासूबाईंचा हात दारावर आपटला. “बाई गं, बांगडी वाढली,” त्या म्हणाल्या. म्हणजे फुटली. सुरंगीला वाटलं, वाढली म्हणजे चांगलंच की. तिनं आनंदानं साखर वाटली. सासूबाईंच्या मनगटातून रक्त येतंय आणि तळहातावर साखर. त्या दुपारी जेवल्या नाहीत. सुरंगीला कळेना, आपलं चुकलं काय.

मग राजा निघाला सासऱ्यांना भेटायला. घोड्यावर बसून म्हणाला, “येतो हं.” सुरंगी म्हणाली, “बरं, जा.”

झालं. अलीकडे जा म्हणजे कायमचं जा. उदेभानाचे वडील एकदा रागाच्या भरात ‘जातो’ म्हणून लढाईवर गेले होते, ते आलेच नाहीत.

आणि काय सांगू, उदेभानही परत येईना. लोक कुजबुजू लागले, सुनेच्या शब्दानं गेला. सुरंगीनं बोलणंच टाकलं. पाणी हवं असलं तरी बोटानं दाखवायची. पण तिला घरात बसवेना. शेवटी ती म्हणाली, “आईसाहेब, मी त्यांना शोधायला निघते.”

“मीही येते,” सासूबाई म्हणाल्या.

सुरंगी गोंधळली. “येता म्हणजे माझ्याबरोबर, की तुम्ही आणखी कुठे निघालात?”

“तुझ्याबरोबर गं बाई.”

मग दोघी डोंगर चढल्या. वर खिंडीत एक राक्षस राहायचा. घाबरू नका, तो माणसं खात नव्हता. नाचणीच्या भाकरी खायचा, जात्याएवढ्या. पाहुणा आला की गुहेत बसवायचा आणि वारा लागू नये म्हणून दाराला शिळा लावायचा. त्यानं या दोघींनाही आत बसवलं आणि शिळा लावली. पाहतात तर आत राजा. भाकरी खाऊन गुटगुटीत झालेला, पण डोळे रडून लाल.

“आई, हा मला सोडतच नाही,” राजा म्हणाला.

राक्षस बिचारा डोकं खाजवत होता. “मी कशाला अडवू? रोज सकाळी हे म्हणतात, येतो. मी म्हणतो, या की. आणि भाकरी टाकायला घेतो. मग हे रडतात. मला काही उमजत नाही.”

सुरंगीला उमजलं. राक्षस तिच्याकडच्यासारखा, सरळ ऐकणारा. ती म्हणाली, “अहो, हे जातो म्हणतायत.”

“ज्याचं त्यानं सांगावं,” राक्षस म्हणाला. “पाहुण्याला मी हाकलत नाही.”

राजाची जीभ उचलेना. त्यानं आईकडे पाहिलं. सासूबाईंनी त्याचा हात घट्ट धरला. तो शब्द नवऱ्याच्या तोंडून ऐकला होता, आता मुलाच्या तोंडून ऐकायचा? त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

“म्हण, बाळा.”

“जातो,” राजा म्हणाला.

राक्षसानं शिळा सरकवली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. “एवढंच होतं तर आधी सांगायचं,” तो म्हणाला आणि वाटेसाठी भाकरी बांधायला लागला.

खिंडीत चरणाऱ्या आपल्या घोड्यावर राजा बसला, आणि घर येईपर्यंत सासूबाईंनी लगाम सोडला नाही. दर वळणावर मान वर करून बघायच्या, आहे ना? होता.

मग सून सासूबाईंना विचारू लागली, सासूबाई सुनेला विचारू लागल्या. घोटाळे व्हायचेच, पण विचारायची लाज गेली.

मग सुरंगीला मुलगी झाली. एका दुपारी ती पहिला शब्द बोलली, “बुता.” आजी म्हणाली, हिला भूक लागली. आई म्हणाली, छे, फूल हवंय. बाप म्हणाला, घोडा म्हणते ती. दूध आणलं, फूल आणलं, घोडा दारात आणला. पोर मान हलवायची आणि पुन्हा म्हणायची, बुता. राजा, राणी आणि म्हातारी, तिघंही तिच्याभोवती जमिनीवर बसून राहिले, तिच्या तोंडाकडे बघत. अशी ती सगळी सुखात होती.

बुता म्हणजे काय? मला कुठे ठाऊक, बाळांनो. डोळे मिटा आता. स्वप्नात कुणाला कळलंच, तर सकाळी मला सांगा.